तीच गोळी, तेवढीच मात्रा, मग गुण एकीलाच का?

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांपाशी पाठदुखीचा विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "तिला त्याच गोळीनं गुण आला, मला काहीच नाही." मांडीवर सूप, पत्र्याच्या साच्यावर तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. दिवसभर मान खाली. पाठ आणि खांदे वर्षानुवर्षं ठणकत राहतात. साध्या गोळ्यांनी भागेनासं झालं की डॉक्टर कधी ट्रॅमाडॉल लिहून देतात. एकीला त्यानं आराम पडतो. दुसरी मळमळीनं हैराण होते आणि दुखणं जिथल्या तिथं. मग घरचेच म्हणतात, "मावशी, तुम्ही फार मनाला लावून घेता." कुणी दृष्ट काढायला सांगतं, कुणी डॉक्टरच्या हाताला गुण नाही म्हणतं. दृष्टीचा इथं काडीचा संबंध नाही आणि मावशी खोटंही बोलत नाहीत. फरक बऱ्याचदा त्यांच्या यकृतात असतो.

ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखं काम करणारं औषध. मेंदूत आणि मज्जारज्जूत 'म्यू' नावाचे ग्राही असतात. औषधाचा रेणू त्यांना चिकटला की वेदनेचा संदेश क्षीण होतो. गंमत अशी की ट्रॅमाडॉल स्वतः या ग्राहींना जेमतेमच चिकटतं. सूत घरात आलं म्हणून चादर होत नाही, ते मागावर चढावं लागतं. इथला माग म्हणजे यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम). ते ट्रॅमाडॉलच्या रेणूतला एक मिथाइल गट काढून टाकतं आणि जो नवा रेणू तयार होतो, तो म्यू ग्राहीला मूळ औषधापेक्षा शंभराहून अधिक पट घट्ट चिकटतो. वेदनाशमनाचा मोठा वाटा त्याचा.

या विकराचा जनुक २२व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याची शंभराहून जास्त रूपं सापडली आहेत. आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतील तर रूपांतर जवळजवळ होतच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे ५ ते १० टक्के असतात. मूळ ट्रॅमाडॉल मात्र अशांच्या शरीरात साचतं. ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनांवर काम करतं, त्यामुळे थोडा आराम मिळू शकतो, पण मात्रा वाढवत नेली तर धोका वाढतो. उलट काहींच्या जनुकाला जादा प्रती असतात. त्यांच्यात रूपांतर इतकं झपाट्यानं होतं की नेहमीची मात्राही श्वास मंदावू शकते. कोडीन या दुसऱ्या ओपिऑइडचं मॉर्फिनही हेच विकर करतं. काही मुलं अशी दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असं बजावलं.

अर्थात सगळाच दोष या विकराच्या माथी मारता येत नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर मॉर्फिनपासून बनणारे पदार्थ अंगात साठतात. मधुमेहात नसा खराब होऊन होणाऱ्या आगीला ओपिऑइड तितकीशी दाद देत नाहीत. महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर त्यांना सरावतं, कधी वेदना उलट तीव्रच होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट पाठदुखी आणि गुडघेदुखीचे रुग्ण वर्षभर तपासले, तेव्हा ओपिऑइड साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. तेव्हा "जोराची गोळी द्या" असा हट्ट धरण्यात अर्थ नसतो.

आता 'तुमचा वेदना-जनुक ओळखा' अशा जाहिराती येऊ लागल्या आहेत. सीवायपी२डी६च्या तपासणीला आधार आहे. पण म्यू ग्राहीचा जनुक पाहून कुणाची मात्रा ठरवावी, इतका पुरावा अजून जमलेला नाही. तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.

त्यापेक्षा एक काम फुकटात होतं. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्या सीवायपी२डी६ला अडवून धरतात, म्हणजे जनुक ठणठणीत असूनही ट्रॅमाडॉल पांगळं पडतं. शिवाय दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीवर नेऊ शकतात. म्हणून यातलं काहीही स्वतःच्या मनानं सुरू किंवा बंद करायचं नाही. फ्लुओक्सेटिनचा असर गोळी थांबवल्यावरही काही आठवडे टिकतो, तेव्हा गेल्या महिन्यात बंद झालेली गोळीही आठवणीनं सांगा.