ओबो की कॉर आंग्ले? खालच्या सुरांवरून ओळखा

दोन्ही पाश्चात्त्य वाद्यं सनईच्याच गोतातली: दुहेरी पत्ती, खाली रुंद होत जाणारी लाकडी नळी. बोटं ठेवायची रीतही जवळपास तीच, म्हणून ऑर्केस्ट्रात बहुधा ओबोवादकच कॉर आंग्ले हाती घेतो. याचं दुसरं नाव इंग्लिश हॉर्न, पण तो इंग्लंडचाही नाही आणि हॉर्नही नाही.

समोर बघत असाल तर प्रश्नच नाही. ओबो सुमारे ६५ सेंटिमीटरचा, सरळ. त्याच्या पत्तीच्या बुडाला कॉर्क असतं आणि ती थेट वाद्यात खोचतात. कॉर आंग्ले ८० सेंटिमीटरच्या आसपास, तळाला नासपतीसारखा फुगीर. वर बोकल नावाची वाकडी धातूची नळी, तिच्यावर पत्ती चढवतात. त्याच्यासाठी लिहिलेला सा कानावर मंद्र म म्हणून पडतो.

कानाने ओळखायचं तर खालचे सूर ऐका. ‘कॉर आंग्ले म्हणजे उदास ओबो’ एवढ्याने भागत नाही. ओबोचे अगदी खालचे सूर जाड आणि आडदांड. हळू आवाजात वाजवायला गेलं की एकतर उमटत नाहीत, नाहीतर धक्क्याने फुटतात. कॉर आंग्ले तिथेच भरीव होतो आणि हळू आवाजातही बोलतो. वर चढला की मात्र तो बारीक पडतो. ओबो तिथे लखलखतो. या भरीवपणाचं श्रेय सरसकट त्या फुगीर टोकाला देतात, पण वरची भोकं उघडी असताना आवाज त्या भोकांतूनच बाहेर पडतो. टोकाचा परिणाम मुख्यतः शेवटच्या दोन-तीन सुरांवर.

दोघांना शेजारी ऐकायचं तर फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या ‘सिंफनी फँटास्टिक’चा (१८३०) तिसरा भाग लावा. सुरुवातीला मंचावरून कॉर आंग्ले साद घालतो, मंचाबाहेरून ओबो एक सप्तक वरून उत्तर देतो. भाग संपताना कॉर आंग्ले पुन्हा साद घालतो, तेव्हा ओबो गप्प असतो. ऐकू येतो तो फक्त टिंपनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांचा गडगडाट.

वाजवणाऱ्याची खरी परीक्षा थंड वाद्याची. चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत लार्गो हा संथ दुसरा भाग सुरू होताच कॉर आंग्लेची प्रसिद्ध धून येते, आणि तोवर तो स्टँडवर गार पडलेला असतो. तसाच उचलला तर सूर उतरतो. म्हणून आधी आवाज न काढता त्यात उबदार श्वास सोडत राहायचं, पत्तीही ओली ठेवायची. तरीही सूर खाली वाटला तर आखूड बोकल लावून बघतात.