जस्त धान्यात आहे, पण अंगी लागतं का?

नखांवर पांढरे ठिपके दिसले की 'झिंक कमी झालंय' असं निदान घरबसल्या होतं आणि गोळ्यांचं पाकीट येतं. बहुतेकदा ते ठिपके नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराचे असतात. नख वाढेल तसे पुढे सरकून कापले जातात. झिंकची, म्हणजे जस्ताची, खरी कमतरता अशी नखावर वाचता येत नाही.

ती माणसात ओळखली बिहारच्या बक्सरमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. १९५८ साली इराणमधल्या शिराझला त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांचा! जेवण गव्हाच्या रोटीचं, शिवाय माती खायची सवय. पुढे इजिप्तमधल्या अशाच खुरटलेल्या मुलांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढू लागली.

पण गव्हात जस्त असतंच, मग ते गेलं कुठे? ते अडकलं फायटेटमध्ये. बी उगवताना लागणारा फॉस्फरस या रेणूत साठवलेला असतो. सहा कर्बांचं एक कडं आणि प्रत्येकाला एकेक फॉस्फेट. फॉस्फेटवर ऋण भार, जस्ताच्या आयनावर दोन धन भार. आतड्यात दोघं एकमेकांना घट्ट धरतात, न विरघळणारा साका होतो आणि जस्त शौचावाटे निघून जातं. ही पकड सोडवणारं फायटेज हे विकर आपल्या आतड्यात नगण्य असतं. बियाण्यात मात्र ते असतं, आणि मोड येताना जोमाने कामाला लागतं. एकेक फॉस्फेट तुटत चारावर आलं की पकड ढिली पडते. आंबवलेल्या पिठातही हेच घडतं. नुसतं शिजवून फायटेट फारसं हटत नाही. उलट उष्णतेने फायटेजच निकामी होतं. म्हणून भिजवणं, मोड आणणं चुलीवर चढवण्याआधी. मोडाची मटकी आणि आंबील या बाबतीत फार गुणाची आहेत! मटण, खेकडे आणि कोकणातली कालवं यांत तर फायटेटची अडचणच नाही. कालवांइतकं जस्त क्वचितच कशात सापडेल.

'इम्युनिटी'च्या नावाखाली महिनोन्‌महिने जास्त मात्रेच्या गोळ्या घेणं मात्र घातक आहे. जादा जस्तामुळे आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढतं, ते तांबं पकडून ठेवतं आणि तांब्याअभावी रक्तक्षय होऊ शकतो.

गोळीची खरी गरज जुलाब लागलेल्या तान्ह्या-लहानग्यांना असते. ओआरएससोबत सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण द्यायच्या.