ती मधमाशी नाही, मिशा बघा

पाऊस ओसरला आणि पठारावर सोनकी पिवळी झाली की माझ्या फोनवर दरवर्षी एक ठरावीक फोटो येतो. सोनकीचं फूल, त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कीटक, मागे हिरवं धूसर काहीतरी, आणि खाली ओळ : 'कष्टाळू मधमाशी, कास पठार'. पाठवणाऱ्यानं नुकतीच मॅक्रो लेन्स घेतलेली असते, गुडघे चिखलात भरवलेले असतात, फोटोही खरोखर चांगला असतो. फक्त त्यात मधमाशी नसते. माशी असते.

सुरुवातीला मी अदबीनं दुरुस्त करायचो. 'अहो, पट्टे दिसतायत की!' असं उत्तर यायचं. मग एकदा एका प्रदर्शनात मधाच्या बाटलीच्या लेबलवरच ही माशी छापलेली पाहिली, डोळ्यांवरच्या ठिपक्यांसकट. स्टॉलवरच्या काकांना म्हटलं, ही मध करत नाही हो. ते म्हणाले, "मध शुद्ध आहे, चाखून बघा." चाखला. चांगला होता. माझी तक्रार मधाबद्दल नव्हतीच.

मधमाशी तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तिचं उरकून घेतो. तिच्या जातींपैकी आग्या कड्याला नाहीतर उंच झाडाला एकच मोठं पोळं लावते आणि तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. सातेरी ढोलीत किंवा पेटीत, फुलोरी झुडपात, आणि इवलीशी बिनडंखाची पोया भिंतीच्या फटीत. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' झालं. तिथे पेट्या सांभाळणाऱ्यांनी हे पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरीला, म्हणजे फोटोतल्या त्या माशीला, सर्वांच्या तोंडी असलेलं मराठी नावच नाही, आणि निम्मा घोळ तिथेच आहे. पिकांच्या माहितीपत्रकांत ती मित्रकीटक म्हणून 'सिरफिड माशी' या नावानं येते, कारण तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या पिकावरची मावा ही कीड फस्त करतात. कॅमेरेवाले तिला हॉवरफ्लाय म्हणतात. मी सिरफिडच म्हणतो. जगात तिच्या सुमारे ६,००० जाती आहेत आणि त्यांतल्या एकीलाही डंख नाही. ती घरमाशी आणि डास यांच्या गोतावळ्यातली; मधमाशी मुंगी आणि गांधीलमाशीच्या. म्हणजे सातेरीचं नातं सिरफिडपेक्षा तुमच्या साखरेच्या डब्यातल्या मुंगीशी जास्त जवळचं आहे.

मग ते पट्टे? डंख नसलेलीनं डंखवालीचे कपडे घालून पक्ष्यांना फसवायचं, एवढाच मामला. या प्रकाराची उकल हेन्री वॉल्टर बेट्सनं १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून केली. आणि फसण्यात आपण पहिले नाही. मेलेल्या बैलाच्या धडातून मधमाश्या जन्मतात, असं प्राचीन ग्रीक-रोमन लोक मानत. त्या 'मधमाश्या' म्हणजे कुजलेल्या घाणीत अळ्या वाढवणारी एरिस्टॅलिस ही सिरफिड असणार, असं ओस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं. त्यामुळे फसलात तर लाज वाटायचं कारण नाही. पण जो पोशाख फसवण्यासाठीच आहे, तोच पुरावा म्हणून मला दाखवू नका.

बाकीच्या खुणा भराभर. हवेत एका जागी तरंगते ती सिरफिड, हे बहुतेक वेळा खरं. पण अमेजिला ही निळ्या पट्ट्यांची, एकटी राहणारी मधमाशीसुद्धा फुलासमोर क्षणभर तरंगते. शिवाय फुलावर बसलेल्या कीटकाच्या फोटोत तरंगणं कुठून दिसणार? कंबर मधमाशीला असते, माशीला जवळजवळ नसते. पण केसांत आणि पंखांखाली ती बरेचदा लपलेली असते. मागच्या पायांवर परागाचे गोळे असतील तर मधमाशी, विषय संपला. नसतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नुसता मकरंद न्यायला आलेली सातेरी रिकाम्या पायांनीच फिरते.

आता ते पुस्तकी उत्तर, ज्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे : पंख मोजा. माशीला दोन, मधमाशीला चार. शाळेपासून पाठ असलेलं, अक्षर न् अक्षर खरं, आणि फोटोवर जवळजवळ बिनकामाचं.

मधमाशीच्या मागच्या पंखाच्या पुढच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेला एक घडी असते. उडताना ते आकडे त्या घडीत अडकतात, ब्लाउजचे हूक लावावेत तसे, आणि दोन पंखांचं एकच पान होतं. बसल्यावर हूक सुटतात खरे, पण मग मागचा छोटा पंख पुढच्या मोठ्या पंखाखाली सरकतो. दोन्ही वेळा तुम्हाला एका बाजूला एकच पंख दिसतो. माझ्याकडे सातेरीचे इतक्या वर्षांचे फोटो आहेत, त्यांत चारही पंख सुटे मोजता येतील असे हाताच्या बोटांवर मावतील. माशीच्या बाजूनं पाहिलं तर तिच्या मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन दांड्या असतात, उडताना तोल सांभाळायला. त्या दिसल्या तर सोनंच. पण सिरफिडमध्ये त्या पंखाच्या बुडाशी असलेल्या पांढरट पडद्याखाली दडलेल्या असतात.

तेव्हा चार पंख मोजता आले तर माशी नाही, एवढं नक्की. दोन दिसले तर काहीच कळलं नाही. या नियमानं उलटा घोटाळाही होतो. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी सातेरीचा सुरेख फोटो टाकून खाली ठसक्यात लिहिलं होतं, 'नीट पाहा, दोनच पंख, म्हणजे ही माशी!' त्यांनी तो नियम माझ्याकडूनच ऐकला होता. तेव्हापासून मी पंख हा शब्द टाकला.

मिशा बघा. पुस्तकात शृंगिका म्हणतात, पण मिशा म्हटलं की सगळ्यांना कळतं.

मधमाशीची मिशी लांब असते. कपाळापासून आधी एक सरळ दांडी निघते, मग कोपरात हात मोडावा तशी ती मोडते, आणि पुढे पेरांची माळ. कामकरी मधमाशीच्या मिशीला एकूण १२ पेरं. त्या मिशा कधी स्वस्थ नसतात. पाकळी चाचपत, पुंकेसर चाचपत त्या सारख्या हलतात, आणि डोकं फुलात बुडलेलं असलं तरी कोपराचा तो बाक बाजूनं डोकावतो.

सिरफिडला मिशा आहेत हे नवख्या माणसाला कळतच नाही. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध, कपाळावर, दोन बुटके खुंट. पेरं तीनच. शेवटचं पेर मसुराच्या डाळीसारखं चपटं-गोलसर, आणि त्याच्या वरच्या अंगातून निघालेला एक बारीक केस. बस. पहिल्यांदा मला हे नीट दिसलं ते घराजवळच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, एकदांडीच्या फुलावर. सकाळचे साडेसात असतील, गवत ओलं, माशी गारठलेली. ती तोंडाचा स्पंजासारखा गड्डा परागावर टेकवत होती, दर दोन-तीन टेकवण्यांनंतर थांबून पुढचे पाय एकमेकांवर चोळत होती, स्वयंपाकघरातल्या माशीसारखे. पट्टे मधमाशीचे, वागणं माशीचं! स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर डाळीतून निघालेला तो केसही दिसला. इतकी वर्षं मी पाठीवर फोकस करत आलो होतो.

खरी गोम तीच. आपण फोटो वरून काढतो. वरून पट्टे छान येतात, पंख पसरलेले येतात, फूल गोल येतं. पण वरून दिसतो तो सगळा पोशाख, आणि मिशा नेमक्या डोक्याच्या पुढे, फोकसच्या बाहेर, पिवळ्या पाकळीत विरघळलेल्या. ऑटोफोकसला बोलून उपयोग नाही; तो पाठीवरचे केस पकडतो, कारण तिथे त्याला ठळक रेघा मिळतात.

त्यात १:१ चं वेड, म्हणजे कीटक सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवायचा. लेन्सवर १:१ लिहिलंय म्हणून प्रत्येक फोटो तिथेच काढायचा, पैसे वसूल. हिशेब करा. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर १:१ ला लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी धारदार दिसणारी खोली एक मिलिमीटरही भरत नाही. डोळा धारदार आला तर मिशी गेली. तेच १:२ वर, म्हणजे अर्ध्या आकारावर या, खोली तिप्पट होते, अडीच मिलिमीटरच्या आसपास. सातेरी असो की मध्यम आकाराची सिरफिड, अंगानं सेंटीमीटरभर. ती १:२ ला चौकटीत लहान दिसेल, मग घरी क्रॉप करा. आजच्या सेन्सरांना तेवढं झेपतं. आणि खोलीच्या हावेनं एफ २२ वर जाऊ नका. १:१ ला एफ ११ चं काम प्रत्यक्षात एफ २२ सारखं होतं, त्यापुढे सगळंच मऊ पडतं आणि तो बारीक केस पहिला जातो.

लेन्स १०० मिलिमीटरच्या आसपासची घ्या. १:१ ला ती सेन्सरपासून साधारण ३० सेंटीमीटरवर फोकस होते, त्यातून लेन्सची लांबी आणि कॅमेऱ्याच्या आतलं अंतर वजा केलं की लेन्सच्या तोंडासमोर १३-१४ सेंटीमीटर उरतात. १:२ ला आणखी मोकळीक. ६० मिलिमीटरची स्वस्त आणि हलकी असते, पण ती फार जवळ न्यावी लागते, तिची सावली कीटकाच्या अंगावर पडते आणि तो उडतो. माझ्याकडे होती, विकली.

मग फुलाच्या पातळीला या, कीटकाच्या बाजूनं, किंचित समोरून, डोळा आणि मिशी एकाच प्रतलात येतील असे. फोकस हातानं १:२ ला बांधून ठेवा आणि रिंग फिरवण्याऐवजी स्वतःच श्वासाएवढे पुढे-मागे व्हा. फ्लॅशसमोर बटर पेपर लावा. मी मिठाईच्या पांढऱ्या डब्याचं झाकण वापरतो. सिरफिड उडाली तर जागचे हलू नका. ती पुष्कळदा त्याच फुलावर परत येते, सातेरी मात्र पुढच्या फुलाकडे निघालेली असते.

कीटक फ्रीजमध्ये ठेवून गार करून फुलावर मांडणारे लोक आहेत. त्यांचे फोटो मी बघत नाही. तसंच कासला पायवाट सोडून सीतेच्या आसवांच्या फुलांवर आडवं पडून मॅक्रो काढणारे. हे फोटो काढायला कास लागतच नाही. एकदांडी आणि कुर्डू कोणत्याही पडीक जागेत उगवतात, आणि दोन्ही जातींचे कीटक तिथे येतात.

मिशांच्या नियमालाही अपवाद आहे, आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी मला तो दाखवेलच. सिरियाना आणि तिच्या जवळच्या काही सिरफिड गांधीलमाशीची नक्कल करतात, आणि त्यांच्या मिशा चक्क लांब असतात. पण त्यांना मधमाशी कुणी म्हणत नाही, गांधीलमाशी म्हणतात. तो वेगळा घोळ.

मिशा हुकल्या असतील तर डोळे बघा. डोळ्यांवर ठिपके किंवा उभ्या रेघा असतील तर ती एरिस्टॅलिनस सिरफिड. मधाच्या बाटलीवर तीच होती. आपल्या कुठल्याही मधमाशीच्या डोळ्यांवर तसली नक्षी नाही. 'दोन्ही डोळे वर एकमेकांना चिकटले की माशी' हा नियम मात्र अर्धवट आहे. सिरफिडच्या बहुतेक नरांचे चिकटतात, माद्यांचे नाही, आणि मधमाशीच्या नराचेही चिकटतात.

आणि डोळेही धूसर, मिशाही धूसर, नुसते पट्टे खणखणीत आले असतील, तर खाली 'सोनकीवर एक कीटक' एवढंच लिहून पाठवा. मी लाइकचा अंगठा टाकीन.