बर्फ वितळण्याआधीची नदी

अमेरिकेच्या माँटाना राज्यात, रॉकी पर्वताच्या पश्चिम अंगाला, बिटररूट नावाची नदी आहे. पश्चिमेकडील बिटररूट पर्वत आणि पूर्वेकडील सॅफायर पर्वत यांच्यामधल्या खोऱ्यातून ती उत्तरेकडे वाहत जाते आणि मिझूला शहराजवळ क्लार्क फोर्क नदीला मिळते. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत या नदीवर ट्राउट माशांसाठी गळ टाकणाऱ्यांची गर्दी असते. डोंगरमाथे तेव्हा पांढरेशुभ्र असतात, पहाटे काठावरच्या ओल्या खडकांवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो आणि पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात. अशा पाण्यात मासा अन्न घेतो तरी का, घेतला तर दिवसाच्या कोणत्या प्रहरी घेतो, या प्रश्नांची उत्तरे जीवशास्त्राइतकीच भौतिकशास्त्रातही दडलेली आहेत.

ट्राउट हा शीतरक्ती प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. अशा प्राण्यांच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की साधारणपणे दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक होतो. पाणी २-३ अंशांवर असताना माशाचे पचन इतके मंद चालते की एकदा खाल्लेले अन्न बराच काळ पोटात राहते आणि नवे शोधण्याची निकड उरत नाही. शिवाय प्रवाहात एका जागी टिकून राहायलाही ऊर्जा लागते. म्हणून हिवाळ्यात ट्राउट खळाळ सोडून संथ, खोल डोहांत तळाशी जमतात आणि अगदी तोंडासमोरून वाहत गेलेला घास तेवढा घेतात. पाणी ५-६ अंशांच्या पुढे गेले की ते डोहाच्या तोंडाशी आणि काठालगतच्या मध्यम धारेत सरकू लागतात. पुढे १२ ते १६ अंशांच्या दरम्यान त्यांची भूक भरात येते. वसंताच्या आरंभी प्रश्न त्या १२ अंशांचा नसतोच, तर ४ आणि ७ यांमधल्या तीन अंशांचा असतो.

हे तीन अंश एकाच दिवसात चढतात आणि उतरतात. बिटररूटचे खोरे सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वसंत संपाताच्या दिवशी तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांपर्यंत वर येतो. पाणी उथळ आणि नितळ असल्याने ऊन थेट तळाच्या गोट्यांपर्यंत पोहोचते, गोटे तापतात आणि त्यांवरून जाणारे पाणी हळूहळू ऊब घेते. पाणी तापायला आणि निवायला हवेपेक्षा पुष्कळ वेळ लागत असल्यामुळे नदीचे कमाल तापमान भर दुपारी न येता तीन ते पाचच्या सुमारास येते. सकाळी सहाला उठून नदी गाठण्याची सवय येथे कुचकामी ठरते. या दिवसांत पुरेशी झोप घेऊन, न्याहारी करून अकराच्या पुढे पाण्यात उतरणारा माणूस आळशी नसून जाणता असतो, असे मी म्हणेन.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. मार्चमध्ये अचानक दोन-तीन दिवस छान ऊन पडले, रात्रीही पारा शून्याखाली गेला नाही, तर नवखा माणूस खूश होतो आणि अनुभवी माणूस कपाळाला हात लावतो. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी ८० अंशांनी तापले असते. सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा आहे तोवर सरबत थंडच राहते, तसे डोंगरउतारावर बर्फ आहे तोवर हवेची ऊब तो वितळवण्यात खर्च होते आणि ओढ्यांतून उतरणारे पाणी शून्याच्या जवळपासच राहते. हे पाणी दुपारनंतर मुख्य नदीत येऊन मिळते, तिचे तापमान खाली ओढते, पातळी वाढवते आणि सोबत माती आणून तिला गढूळ करते. म्हणजे हवा जितकी उबदार, तितकी नदी गार, असाही प्रकार होतो. याउलट रात्री गोठणबिंदूखाली आणि दिवसा ८-१० अंश, असे हवामान आठवडाभर स्थिर राहिले तर वरचा बर्फ जागच्या जागी राहतो आणि खोऱ्यातील नितळ पाणी आपल्या गतीने तापते. गढूळ पाणी ओसरू लागून नदी पुन्हा हिरवट दिसू लागली की ते दिवसही चांगले जातात, कारण वाढलेल्या पाण्याने तळावरचे किडे उखडून प्रवाहात आणलेले असतात.

माशांच्या भुकेला वेळापत्रक देणारे किडे तीन. पहिले कायरोनॉमिडी कुळातील चिलटे. डासासारखी दिसणारी पण न चावणारी ही मंडळी ऐन हिवाळ्यातही पाण्याबाहेर येत राहतात. दुसरा बेटिस हा मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढून नंतर उडणारा नाजूक कीटक. त्याचे शरीर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे आणि पंख राखाडी असतात. मेफ्लाय हा कीटकसृष्टीत एकमेव गट असा, की पंख फुटल्यानंतरही तो पुन्हा एकदा कात टाकतो. बेटिसचे निम्फ, म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्ले, पृष्ठभागाशी येऊन कवच फोडतात आणि पंख उडण्याजोगे होईतो पाण्यावर तरंगत राहतात. ढगाळ, दमट, गार दिवशी त्याला जास्त वेळ लागतो आणि ट्राउटला आयते भोजन मिळते. त्यामुळे भुरभुर बर्फ पडणारी, सहलीला अगदीच निकामी अशी दुपार बेटिससाठी सर्वोत्तम असते.

तिसरा कीटक स्क्वाला, आणि बिटररूटची वसंतातली ख्याती त्याच्यामुळेच आहे. हा सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा, शेवाळी-तपकिरी रंगाचा स्टोनफ्लाय आहे. त्याचे निम्फ वर्षभर गोट्यांच्या खाली राहून इतर किड्यांची शिकार करतात. त्यांना थंड, स्वच्छ आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. पाणी ६-७ अंशांवर टिकू लागले की हे निम्फ तळावरून सरपटत काठाकडे निघतात, दगडावर किंवा ओंडक्यावर चढतात आणि तेथे कात टाकून प्रौढ होतात. येथील अनेक नरांचे पंख इतके आखूड असतात की त्यांना उडता येत नाही. ते काठाच्या गोट्यांमधून धावत फिरतात. मिलनानंतर मादी अंडी सोडण्यासाठी पाण्यावर येते आणि पोटाशी धरलेला अंड्यांचा गडद पुंजका सोडवत, जवळजवळ न फडफडता, पृष्ठभागाला चिकटून वाहत जाते. थव्यांनी घोंगावणाऱ्या उन्हाळी किड्यांचा गाजावाजा येथे नसतो. दहा-पंधरा मिनिटांत एखादी मादी दिसली तरी पुरे, कारण हिवाळाभर चिलटांवर गुजराण केलेल्या माशाला एवढा मोठा घास सोडवत नाही. पिसे, लोकर आणि दोरा आकड्यावर गुंडाळून केलेली कृत्रिम माशीसुद्धा म्हणूनच पाण्यावर उंच तरंगणारी न बनवता बुडू-बुडू पाहणारी बनवतात, आणि ती काठापासून हात-दोन हातांवर टाकतात.

धरणांखालच्या नद्यांचे गणित निराळे आहे. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, म्हणजे ते तेव्हा सर्वात जड असते. त्यामुळे हिवाळ्यात जलाशयाचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी साधारण ४ अंशांचे पाणी राहते आणि तेच दरवाजांतून खाली सोडले जाते. माँटानातीलच बिगहॉर्न नदी यलोटेल धरणाखाली किंवा मिसुरी नदी हॉल्टर धरणाखाली कडाक्याच्या थंडीतही मोकळी वाहते, ती यामुळे. मात्र हेच तळाचे पाणी पुढे उन्हाळ्यातही गारच राहते. युटा राज्यात ग्रीन नदीवरील फ्लेमिंग गॉर्ज धरणाखाली ही गारठ्याची अडचण इतकी वाढली की ट्राउटची वाढ खुंटली, आणि १९७८ मध्ये वेगवेगळ्या खोलीवरून पाणी घेता येईल अशी रचना तेथे बसवावी लागली. स्थिर तापमानाच्या अशा पाण्यात चिलटे आणि बेटिस अमाप होतात, स्टोनफ्लाय मात्र कमी.

काश्मीरच्या लिद्दर नदीवर गेलेल्या मराठी पर्यटकांनी पाहिलेला ब्राउन ट्राउट ब्रिटिश काळात तेथे आणला गेला. तेथील पाणीही बर्फाच्याच वेळापत्रकाने चालते. सह्याद्रीतील नद्यांत ट्राउट का नाही, याचे सर्वात सोपे उत्तरही तापमानच आहे.

बिटररूटकडे परत येऊ. वसंताच्या याच आठवड्यांत तेथे रेनबो ट्राउट आणि कटथ्रोट ट्राउट यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. मादी कुशीवर वळून शेपटीच्या फटक्यांनी खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी लोटून ती झाकते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळात हा ताट-दोन ताटांएवढा पट्टा फिकट, घासल्यासारखा दिसतो. १० अंशांच्या पाण्यात रेनबोची अंडी फुटायला सुमारे महिना लागतो, गार पाण्यात त्याहून अधिक. बुटाचा एक पाय त्यावर पडला तरी आतली अंडी चिरडतात. म्हणून जाणकार लोक अशा पट्ट्यांवरून चालत नाहीत आणि तेथे ठाण मांडलेल्या माशांना गळ टाकत नाहीत. सहज सापडणारा मासा टाळणे अनेकांना जड जाते, पण हा नियम मला निर्विवाद वाटतो.

मेमध्ये वरचा बर्फ खऱ्या अर्थाने सुटतो आणि जूनच्या आसपास नदी पूर गाठते. तोवर हा हंगाम आटोपलेला असतो. पश्चिम अमेरिकेतील बहुतांश मोजणी केंद्रांवर एप्रिलमधील बर्फाचा साठा गेल्या शतकाच्या मध्यापासून घटत आलेला आहे आणि अनेक नद्यांचा पूर पूर्वीपेक्षा लवकर येतो आहे. त्याचा परिणाम उन्हाळ्यात दिसतो. पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेले की माँटानात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते, कारण तापलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात गळाला लागून सोडलेला ट्राउटही अनेकदा जगत नाही. मार्चमध्ये ज्या दुपारची वाट पाहिली जाते, तीच दुपार तेव्हा माशांसाठी राखून ठेवलेली असते.