ल्योबी सहकार्य

एकमेकांशी अवाक्षरही न बोलता, केवळ समोरच्याची आज्ञावली वाचून दोन संगणकी खेळाडू परस्परांना साथ कशी देऊ शकतात, याची तर्कशास्त्रीय मांडणी. तर्कशास्त्रज्ञ मार्टिन ल्योब यांच्या १९५५ सालच्या प्रमेयावर ती उभी आहे.

पाया कैद्यांच्या पेचाचा. १९५० मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या या खेळाला कैद्यांची गोष्ट जोडली ती अल्बर्ट टकर यांनी. वेगवेगळे ठेवलेले दोन कैदी गप्प राहिले तर दोघांचे भले; पण दुसरा काहीही करो, उलटणाऱ्याचा, म्हणजे साथीदाराविरुद्ध साक्ष देणाऱ्याचा, फायदाच. म्हणून दोघेही उलटतात आणि दोघेही बुडतात.

खेळाडूंच्या जागी त्यांच्या आज्ञावल्या खेळल्या आणि त्यांना एकमेकींचा मजकूर वाचता आला, तर चित्र बदलते. मोशे टेनेनहोल्ट्झ यांनी २००४ मध्ये या 'प्रोग्राम समतोला'ची मांडणी केली. 'समोरची आज्ञावली हुबेहूब माझ्यासारखी असेल तरच साथ दे', हा त्यातला सर्वांत सोपा नियम. तो फारच ठिसूळ: एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की युती मोडली.

२०१४ च्या एका शोधनिबंधात सहा लेखकांनी यावर तोड काढली. त्यांच्या 'फेअरबॉट'चा नियम असा: 'समोरचा मला साथ देणार, हे पेआनो अंकगणितात (नैसर्गिक संख्यांविषयीच्या गृहीतकांच्या प्रमाण चौकटीत) सिद्ध होत असेल तर साथ दे, नाहीतर त्याच्यावर उलट.' दोन फेअरबॉट समोरासमोर आले की हे 'आधी तू, मग मी' असे अडून बसणार, असेच कुणालाही वाटेल. तसे होत नाही. 'दोघेही साथ देतात' या विधानाला 'स' म्हणू. 'स'ची सिद्धता असेल, तर ती दोघांनाही सापडेल आणि दोघेही साथ देतील, म्हणजे 'स' खरे ठरेल. ही गोष्ट अंकगणितातच सिद्ध करता येते. आणि ल्योबचे प्रमेय सांगते, की 'स सिद्ध होत असेल तर स खरे' एवढे सिद्ध झाले, की 'स'ही सिद्ध होते. चक्र बंद! इथे आज्ञावल्या अक्षरशः सारख्या असण्याची गरजही उरत नाही.

अंकगणित खोटे काही सिद्ध करत नाही असे धरले, तर फेअरबॉटला कुणी फसवू शकत नाही. मात्र डोळे मिटून सगळ्यांनाच साथ देणाऱ्या भाबड्या आज्ञावलीलाही तो साथच देतो. निव्वळ गुणांच्या हिशेबात हा तोटा. त्याच निबंधातला 'प्रूडंटबॉट' अशा भाबड्यांवर उलटतो, पण फेअरबॉटशी आणि स्वतःच्या प्रतीशी सहकार्य राखतो.

सिद्धता शोधायला अमर्याद वेळ आहे, हे यातले मोठे गृहीतक. अँड्र्यू क्रिच यांनी पुढे मर्यादित लांबीच्या सिद्धतांसाठीही ल्योबच्या प्रमेयाचे रूप दिले.