एकच शेवंती: इकडे लक्ष्मीला, तिकडे थडग्यावर

मार्गशीर्षातले गुरुवार लागले की नागपुरात बर्डीच्या फूलबाजारात शेवंतीचा भाव चढतो. घटाला वेणी हवी, लक्ष्मीला हार हवा. तीच शेवंती घेऊन कुणी इटलीत किंवा फ्रान्समध्ये जेवायला गेलं, तर यजमानीणबाईंचा चेहरा पडेल. तिकडे हे फूल नोव्हेंबरच्या सुरुवातीला आप्तांच्या थडग्यावर ठेवायचं असतं. जपानात आणखी वेगळंच: सोळा पाकळ्यांची शेवंती ही राजघराण्याची मुद्रा, आणि पांढरी शेवंती अंत्यविधीला.

मग हे फूल शुभ की अशुभ? उत्तर रोपाच्या पानात आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड तंबाखूच्या एका हट्टी वाणामागे लागले होते. उन्हाळाभर ते नुसतं उंच वाढायचं, फुलायचं नाव नाही. खत, पाणी, तापमान सगळं बदलून झालं. शेवटी रोपं रोज काही तास अंधारात ठेवली, तेव्हा ऐन उन्हाळ्यात कळ्या आल्या. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शेवंतीही तशीच, दिवस लहान झाला की फुलणारी. खरं तर ती दिवसापेक्षा रात्रच मोजते. पानातलं फायटोक्रोम हे प्रथिन उजेड-अंधाराची नोंद ठेवतं. सलग अंधार ठरावीक तासांपलीकडे गेला की पानातून शेंड्याला निरोप जातो आणि पानांऐवजी कळ्या धरू लागतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी हा हिशेब मोडतो. पॉलिहाउसमध्ये शेवंती लावणारे शेतकरी रात्री बल्ब लावतात ते त्यासाठीच. फुलं लांबवून सणाच्या भावाला आणायची असतात.

आता नकाशा बघा. जूनमध्ये पॅरिसचा दिवस सोळा तासांचा, नागपूरचा साडेतेराच्या आत. पण सप्टेंबरच्या शेवटी दोन्हीकडे दिवस-रात्र सारखे होतात आणि तिथून रात्र वाढतच जाते. त्यामुळे शेवंतीचा बहर दोन्ही गावांत शरदातच येतो. फरक भोवतालचा. युरोपात तेव्हा गारठ्याने बागेतली बाकी फुलं संपत आलेली असतात आणि शेवंती थोडंफार गोठलेलं दहिवर सोसते. नेमकी याच दिवसांत मृतांची आठवण करायची तिथली तिथी. हाताशी जे फूल, तेच थडग्यावर गेलं आणि तिथलंच होऊन बसलं. आपल्याकडे याच बहरात दिवाळी येते, मागोमाग मार्गशीर्ष. दोष फुलाचा नाही, कॅलेंडरचा आहे.

झेंडूचंही असंच. दसऱ्याला ज्याच्याशिवाय दारावर तोरण चढत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. रंगावरून नि वासावरून पूर्वजांना घर सापडतं अशी समजूत. हा रंग ल्युटीनसारख्या द्रव्यांचा. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून फूलवाल्याने हारावर दिवसभर पाणी मारलं तरी केशरी ओघळत नाही. हेच ल्युटीन कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, अंड्याचा बलक पिवळाधमक दिसावा म्हणून.

प्रत्येक रूढीत असं काही सापडेलच असं नाही. रशियात गुच्छात विषम संख्येची फुलं द्यायची, सम संख्या फक्त मयताला. अकरा, एकवीस, एक्कावन्नवाल्या आपल्या मंडळींना हे लगेच पटेल, पण डझनाच्या हिशेबाने बारा गुलाब नेलेत तर पंचाईत. यात वनस्पतिशास्त्र शोधायला जाऊ नये.

काही अंधश्रद्धा मात्र चांगल्याच कामाच्या निघतात. जपानात भाताच्या बांधांवर आणि कबरींभोवती लाल रंगाची एक लिली असते. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास जमिनीतून नुसते दांडे वर येतात, पानं मागाहून. ‘हे फूल घरी आणलं तर घराला आग लागते,’ असं पोरांना सांगतात. तिच्या कांद्यात लायकोरीन हे विष असतं. पोटात गेलं तर उलट्या होतात. उंदीर-चिचुंद्र्या फिरकू नयेत म्हणून ती मुद्दाम लावली गेली, असं मानतात. जपानातल्या या लिलीला बीच धरत नाही, कारण तिच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी तीन संच असतात आणि बी धरताना त्यांची सारखी वाटणी होत नाही. म्हणजे बांधावर दिसणारं जवळपास प्रत्येक रोप कधीतरी माणसानेच कांदा नेऊन लावल्यामुळे आलेलं.

आपली कण्हेर तिच्याहून जहाल, तिचं विष थेट हृदयावर जातं. तरी ती आपण शंकराला वाहतो आणि रस्त्याच्या दुभाजकावरही लावतो, कारण मोकाट गुरं तिला तोंड लावत नाहीत.