अन्नपाण्यातले तणनाशकाचे अंश आणि विश्वास कुणावर ठेवायचा

शेतातलं तण मारायला जे औषध फवारतात ते सगळंच्या सगळं नाहीसं होत नाही. थोडंफार दाण्यात राहतं, थोडं मातीत, थोडं वाहून ओढ्यात आणि जमिनीखालच्या पाण्यात जातं, आणि मग पीठ, बियर, वाइन, मध, पिण्याचं पाणी अशा वाटांनी आपल्या पोटात येतं. हे जे मागे उरतं त्याला तणनाशकाचे अंश म्हणतात, सरकारी कागदात अवशेष. मोजमाप किलोमागे किंवा लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये नाहीतर मिलिग्रॅममध्ये असतं, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, आणि हे आधीच डोक्यात पक्कं बसवून घ्या कारण या विषयातला बराच घोळ नुसता एककांचा असतो.

अंश सापडतात की नाही यावर आता फारसं भांडण उरलेलं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०१३-१४ मध्ये घेतलेले लघवीचे नमुने तपासले तेव्हा सहा वर्षं आणि त्यावरच्या जवळपास ८० टक्के लोकांच्या लघवीत ग्लायफोसेट हे तणनाशक निघालं. भांडण आहे ते एवढ्याशा प्रमाणाने काही बिघडतं का यावर, आणि काही बिघडत नाही असं जो सांगतोय किंवा घात होतोय असं जो ओरडतोय त्याचं ऐकायचं का यावर.

ग्लायफोसेट दाण्यात कसं पोचतं

तणनाशकं पुष्कळ आहेत, अॅट्राझीन, टू-फोर-डी, पॅराक्वाट वगैरे, पण अन्नातल्या अंशांची चर्चा बहुतेक वेळा ग्लायफोसेटभोवतीच फिरते कारण जगात सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. मोन्सँटो कंपनीतल्या जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये त्याचा तण मारायचा गुण शोधला आणि १९७४ मध्ये ते राउंडअप नावाने बाजारात आलं. वनस्पतींना काही अमिनो आम्लं तयार करायला एक एन्झाइम लागतं, ग्लायफोसेट ते एन्झाइम बंद पाडतं आणि झाड उपाशी मरतं. माणसात आणि प्राण्यात ते एन्झाइमच नाही, म्हणून हे औषध माणसाला निरुपद्रवी असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण आपल्या आतड्यात जे जिवाणू राहतात त्यातल्या अनेकांत ते असतं, त्यामुळे विषय तिथे संपत नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेत या औषधाने न मरणारं जनुक बदललेलं सोयाबीन आलं आणि मग उभ्या पिकावरून सरसकट फवारणी सुरू झाली, वापर प्रचंड वाढला. पण ओट, गहू, बार्ली, मसूर यांच्यात अंश येतात त्याचं मोठं कारण वेगळंच आहे आणि ते बऱ्याच लोकांना माहीत नसतं. ही पिकं तशी बदललेली नाहीत, त्यांच्यावर ग्लायफोसेट मारतात ते काढणीच्या तोंडावर. म्हणजे बघा, कॅनडासारख्या थंड प्रदेशात ओटचं शेत एकसारखं पिकत नाही, उंचवट्यावरचा दाणा वाळून कडक झालेला असतो आणि सखल भागातली कणसं अजून हिरवी असतात, वरून पावसाची किंवा हिमाची भीती, मग शेतकरी काढणीच्या एक-दोन आठवडे आधी फवारणी करतो, तण मरतं, राहिलेलं पीक वाळतं आणि मशीन बिनअडथळा शेतात घालता येतं. दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच फवारा असं लेबलवर लिहिलेलं असतं, कारण वाळलेला दाणा झाडाकडून काही ओढून घेत नाही. पण त्याच शेतातला हिरवा कोपरा ओढतो, आणि औषध थेट दाण्याच्या आत जाऊन बसतं. ते वरवर लागलेलं नसतं त्यामुळे धुऊन फारसं जात नाही, भाजून शिजवूनही फारसं कमी होत नाही, आणि कोंड्यात जास्त राहतं, म्हणजे अख्ख्या दाण्याचं पीठ जे आपण तब्येतीसाठी म्हणून घेतो त्यात पांढऱ्या पिठापेक्षा जास्त सापडतं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये ग्लायफोसेटची परवानगी वाढवली तेव्हा पीक वाळवायला म्हणून ते वापरायला बंदी घातली, इतर देशांत हा प्रकार चालू आहे.

मर्यादेच्या आत म्हणजे नक्की कशाच्या आत

इथे जरा थांबायला हवं कारण सगळी फसगत इथेच होते. मर्यादा दोन प्रकारच्या असतात आणि बातमीत त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरतात. पहिली म्हणजे मालातली कमाल मर्यादा, हिला इंग्रजी आद्याक्षरांनी एमआरएल म्हणतात. ही ठरते लेबलप्रमाणे फवारणी केली तर मालात जास्तीत जास्त किती अंश राहील यावरून. ती आधी शेतीची आणि व्यापाराची मर्यादा आहे, तेवढं खाल्लं तर चालतं का हा हिशोब नंतर ताडून बघतात. म्हणूनच ती हलते. २०१२ मध्ये युरोपने मसुरासाठी ती किलोमागे ०.१ मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅम केली, मसूर शंभर पट निरुपद्रवी झाली होती म्हणून नव्हे तर अमेरिका-कॅनडात काढणीआधी फवारलेला माल आयात करता यावा म्हणून. ओटसाठी अमेरिकेत ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

दुसरी मर्यादा माणसाची, रोज आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल असं मानलेलं प्रमाण, एडीआय. प्राण्यांना वाढत्या मात्रेत औषध देतात, ज्या मात्रेला काहीच वाईट परिणाम दिसत नाही ती घेतात आणि तिला साधारण १०० ने भागतात, दहा पट प्राणी आणि माणूस यातला फरक म्हणून आणि दहा पट माणसामाणसांतला फरक म्हणून. युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेने ग्लायफोसेटसाठी शरीराच्या दर किलोमागे ०.५ मिलिग्रॅम ठरवलंय, एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) संयुक्त तज्ज्ञ समितीने १ मिलिग्रॅम. दोघांचे अभ्यास वेगळे म्हणून आकडे वेगळे.

आता बियरचं उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये म्युनिकच्या उमवेल्टइन्स्टिट्यूट या पर्यावरण संस्थेने १४ जर्मन बियर तपासल्या, सगळ्यांत ग्लायफोसेट सापडलं, सगळ्यात कमी लिटरमागे ०.४६ मायक्रोग्रॅम आणि सगळ्यात जास्त २९.७४. पिण्याच्या पाण्याची युरोपातली मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे ती बियर पाण्याच्या मर्यादेच्या जवळपास ३०० पट, आणि बातमी तीच झाली. लगेच जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेने सांगितलं की धोका व्हायला माणसाला रोज १००० लिटर बियर प्यावी लागेल. हिशोब करून बघा, ६० किलोच्या माणसाला ०.५ ने दिवसाला ३० मिलिग्रॅम चालतं, भागिले २९.७४ मायक्रोग्रॅम, उत्तर हजार लिटरच्या आसपासच येतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत! एकाने पाण्याची मर्यादा घेतली, दुसऱ्याने माणसाची घेतली, आणि वाचणाऱ्याला दोघांनीही आपण कशाने भागलं ते नीट सांगितलं नाही. शिवाय हजार लिटरच्या हिशोबात पाव, पाणी, बाकीचं जेवण, बाकीची औषधं असं काहीच धरलेलं नाही.

आणि ते ०.१ तरी कुठून आलं? १९८० च्या युरोपियन पाणी नियमातून. पाण्यात कीडनाशक (यात तणनाशकंही आली) नकोच असं ठरवलं गेलं आणि तेव्हाच्या यंत्रांना दिसू शकणारं किमान प्रमाण मर्यादा म्हणून घेतलं गेलं, कुठलंही औषध असो आकडा तोच. अमेरिकेत पाण्यातल्या ग्लायफोसेटची मर्यादा ७०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे सात हजार पट. अॅट्राझीनचंही तसंच, भूजलात ०.१ च्या वर सापडत राहिलं म्हणून युरोपने ते बंद केलं, अमेरिकेत ३ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. हे विज्ञानाचं भांडण कमी आणि पाण्यात परकं रसायन सहन करायचं की नाही या निवडीचं जास्त आहे, आणि तशी निवड करायचा लोकांना पूर्ण हक्क आहे असं मला वाटतं, फक्त तिला विषारीपणाचा पुरावा म्हणू नये.

कॅन्सरचा वाद

मार्च २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, ग्लायफोसेटला बहुधा कॅन्सरकारक या २ए गटात टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईएफएसएने म्हटलं की कॅन्सरचा धोका असण्याची शक्यता कमी. सामान्य माणसाने काय समजायचं? आयएआरसी बघते की ही गोष्ट मुळात कॅन्सर करू शकते का, किती मात्रेला ते सांगत नाही, आणि ती फक्त छापून आलेले किंवा सगळ्यांना बघता येणारे अभ्यास धरते. त्याच २ए गटात लाल मांस आणि ६५ अंशांच्या वरची गरम पेयंही आहेत. नियामक संस्था कंपन्यांनी स्वतः केलेले न छापलेले अभ्यासही धरतात आणि ठरावीक वापराला धोका किती ते काढतात. आयएआरसीने माणसांवरचा जो पुरावा बघितला तो मुख्यतः फवारणी करणाऱ्यांचा होता, खाणाऱ्यांचा नाही, आणि अमेरिकेत कोर्टात जिंकलेले गाजलेले दावेही अंगावर औषध घेऊन काम केलेल्या माणसांचे आहेत. त्यातही चित्र एकसारखं नाही, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ५४ हजारांवर फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात लिम्फोमाशी, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरशी, संबंध दिसला नाही, तर २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सगळ्यात जास्त संपर्क आलेल्यांत तो धोका ४१ टक्क्यांनी जास्त निघाला. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाचा धोका आणि नाश्ता करणाऱ्याचा धोका एकाच वाक्यात मिसळणं हे त्या फवारणाऱ्यावर अन्याय करणारं आहे, त्याला हातमोजे आणि मास्क मिळायला हवा ही गोष्ट त्यात बाजूला पडते.

विश्वास कुणावर

कंपन्यांवरचा संशय उगाच नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या खासगी लॅबने विषारीपणाच्या चाचण्यांत मोठी लबाडी केल्याचं उघड झालं आणि १९८३ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांना कोर्टात दोषी ठरवलं गेलं, तिच्या चाचण्यांवर कित्येक औषधांना परवानग्या मिळालेल्या होत्या. २०१७ पासून मोन्सँटोचे आतले ईमेल कोर्टातून बाहेर आले, त्यात शास्त्रज्ञांच्या नावावर छापायचा मजकूर कंपनीतले लोक लिहितात अशी चर्चा होती. ग्लायफोसेट सुरक्षित आहे म्हणून वर्षानुवर्षं दाखला दिला गेलेला २००० सालचा एक मोठा आढावा याच कारणांवरून जर्नलने २०२५ मध्ये मागे घेतला. पंचवीस वर्षं! सरकारी संस्थाही स्वच्छ निघाल्या नाहीत, बीएफआरच्या अहवालात कंपन्यांच्या अर्जातली पानंच्या पानं तशीच उतरवल्याचं पुढे आलं, आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने तिथल्या ईपीए या पर्यावरण खात्याचा माणसाच्या आरोग्याबद्दलचा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही म्हणून रद्द केला.

पण विरोधात बोलतो तो आपोआप खरा हेही चुकीचं आहे. २०१२ मध्ये फ्रान्सचे शास्त्रज्ञ सेरालिनी यांनी राउंडअप आणि ते सहन करणारा जनुक बदललेला मका दिलेल्या, गाठी आलेल्या उंदरांचे फोटो छापले, ती उंदरांची जात म्हातारपणी तशीही गाठी येणारी आणि गट दहा-दहाचेच म्हणजे फार लहान, जर्नलने पेपर मागे घेतला, नंतर तो दुसऱ्या जर्नलमध्ये छापला गेला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका पालक संघटनेने आईच्या दुधाचे दहा नमुने तपासून घेतले, तिनात ग्लायफोसेट निघालं आणि आया घाबरून गेल्या. ती टेस्ट एलायझा पद्धतीची होती, जी मुळात पाण्यासाठी आहे, दुधातली चरबी आणि प्रथिनं तिला चकवू शकतात. नंतर जास्त अचूक मास स्पेक्ट्रोमेट्रीने अमेरिकेत ४१ बायकांचं आणि जर्मनीत ११४ नमुन्यांचं दूध तपासलं, एकातही सापडलं नाही. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात मोन्सँटोचे लोक होते म्हणून तो नाकारता आला असता, पण जर्मनीतला वेगळा होता आणि उत्तर तेच आलं. आयएआरसीच्या बैठकीत बसलेल्या एका तज्ज्ञाने नंतर लगेच दावे लढवणाऱ्या वकिलांचं सल्लागारपद घेतलं. ओटमध्ये किलोमागे १६० मायक्रोग्रॅमच्या वर नको असा मापदंड लावणाऱ्या ईडब्ल्यूजी या अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेला सेंद्रिय मालाच्या कंपन्यांकडूनही पैसे मिळतात, पण तिने तो आकडा कसा काढला हे तरी उघड सांगितलंय, कॅलिफोर्नियाने ठरवलेले दिवसाला ११०० मायक्रोग्रॅम घेऊन लहान मुलांसाठी आणखी कडक केलं. पटलं नाही तर तुम्ही वेगळ्या आकड्याने भागून बघा.

माझ्या मते नावापेक्षा हेच बघावं, हिशोब आणि कच्चा डेटा दाखवतायत का. मार्च २०१९ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने ईएफएसएला ग्लायफोसेटचे कंपन्यांचे अभ्यास उघड करायला लावलं आणि २०२१ पासून तसे अभ्यास खुले ठेवायचा नियमच झाला, ही माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी कमाई आहे. त्याच ईएफएसएने २०२३ मध्ये गंभीर चिंतेचं काही नाही म्हटलं पण पुढच्या हंगामात त्याच जमिनीत येणाऱ्या गाजर, लेट्यूस, गहू यांतल्या अंशांचा डेटा अपुरा असल्यामुळे आहाराचा हिशोब पूर्ण झालेला नाही हेही लिहिलं. असं लिहिणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते.

लॅबचा रिपोर्ट हातात आला तर

"५०० कीडनाशकं तपासली, एकही नाही" असा रिपोर्ट दिसला तर त्या ५०० मध्ये ग्लायफोसेट आहे का ते शोधा, कारण ते पाण्यात इतकं विरघळतं की एकत्र तपासणीच्या नेहमीच्या पद्धतीत पकडलं जात नाही, वेगळी टेस्ट आणि वेगळे पैसे लागतात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्यानेही ते २०१६ मध्येच तपासायला घेतलं, तेव्हा मक्याच्या ६३ टक्के आणि सोयाबीनच्या ६७ टक्के नमुन्यांत सापडलं, सगळं मर्यादेच्या आत, दुधात आणि अंड्यात नाही. सापडलं नाही याचा अर्थ त्या यंत्राच्या किमान पातळीच्या खाली, म्हणून ती पातळी लिहिलेली नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. एएमपीए, म्हणजे ग्लायफोसेट कुजून जे बनतं ते, मोजलंय का तेही बघा.

अंश कमी करायचे असतील तर सेंद्रिय ओट आणि गहू यांनी फरक पडतो, २०२० मध्ये अमेरिकेतल्या चार कुटुंबांनी सहा दिवस पूर्ण सेंद्रिय खाल्लं तेव्हा लघवीतलं ग्लायफोसेट सरासरी ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसं फक्त १६ होती आणि कमी झाल्याने तब्येतीला काय फायदा झाला हे त्यात तपासलेलंच नाही.